शिसं म्हणजे कच्चं केळं

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना सगळं एकदम बंद केलं. शेतात जायचं नाही, वाकायचं नाही, धुळीत उभं राहायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. वर मोठा काळा चष्मा दिला. जन्मभर ज्या माणसाला सकाळी चहाच्या आधी शेत बघितल्याशिवाय बरं वाटत नाही, तो ओट्यावर खाट टाकून काळ्या चष्म्यातून आमच्याच मिरचीच्या प्लॉटकडे बघत बसला. मजूर बायका चुकत असतील अशी त्यांना खात्री होती, पण दिसत काही नव्हतं. म्हणून अंदाजाने ओरडायचे.

आमचं घर कोरीटला, गावाच्या कडेला. सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात आणि सासूबाईंना माय. मी नंदुरबारला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, रोज स्कूटीने जाऊन-येऊन. त्या वर्षी आमच्या विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी व्याख्यान द्यायचं होतं. भौतिकवाल्या सरांचा घसा बसला, जीवशास्त्रवाल्या मॅडम माहेरी निघाल्या, आणि प्राचार्यांनी माझ्याकडे बघून विषयच सांगून टाकला : किमयेचा इतिहास. जुन्या काळी लोकांना पदार्थ म्हणजे काय वाटायचं आणि तांब्याचं सोनं करायच्या नादात त्यांनी काय काय केलं, हे मुलांना गोष्टीसारखं सांगायचं.

व्याख्यानाची तालीम घरी करायची म्हणून मी आधी नवऱ्याला समोर बसवलं. माझं पहिलं वाक्य संपायच्या आत त्याला अक्कलकुव्याच्या बाजारातलं एक अत्यंत तातडीचं काम आठवलं. उरले आबा. त्यांना कुठे जाता येत नव्हतं.

मी सुरुवात केली. ग्रीस देशात एक विद्वान होता, तो म्हणाला सगळं जग पाण्यापासून झालं. दुसरा म्हणाला हवेपासून. तिसरा म्हणाला विस्तवापासून.

"भाऊबंद व्हतात का?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. का?"

"वाद तसाच दिखस."

मग भाऊबंदांत तोडगा निघावा तसं कुणीतरी चार तत्त्वं मान्य केली : माती, पाणी, अग्नी, वायू. आपल्याकडे आकाश धरून पाच. चिन्यांचीही पाच, पण त्यांत लाकूड आणि धातू आहेत, हवा नाही. इथे आबा अडले. हवा धरायचीच राहिली, हे त्यांना चिन्यांचं फार मोठं दुर्लक्ष वाटलं. "लाकूड मोजं आन् हवा इसरी गयात?" असं ते दिवसभर अधूनमधून म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले तर आबा वाट बघत होते. म्हणाले, "बेटा, ते पुढलं सांग." सासूबाईंनी मला स्वयंपाकघरातून खूण केली की सांग, सकाळपासून त्यांनी माझं डोकं खाल्लंय.

त्या दिवशी मी पाऱ्यावर आले. आपल्या जुन्या रसग्रंथांत पाऱ्याचा उगम शंकरापासून सांगितलाय, आणि तो नेमका कसा हे सासऱ्यांना सांगायची वेळ आली तेव्हा मी "पारा म्हणजे शंकराचं तेज" असं म्हणून झटकन पुढे गेले. आबांनी काळ्या चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं आणि तेही झटकन म्हणाले, "हां हां, पुढे चाल." मग अरबांचं सांगितलं. ते म्हणायचे, सगळे धातू पारा आणि गंधक यांच्यापासूनच होतात, फक्त प्रमाण कमीजास्त. जमिनीच्या पोटात ऊब असते, त्या उबेत धातू वर्षानुवर्षं हळूहळू पिकतात. शिसं म्हणजे न पिकलेला धातू. पूर्ण पिकला की सोनं. किमयागार काय करायचा, तर जमिनीला जे करायला शेकडो वर्षं लागतात ते भट्टीत लवकर उरकायचं बघायचा.

आबा खाटेवर ताठ बसले.

"म्हंजे शिसं म्हंजे कच्चं केळं!"

मी म्हटलं, "हो, तसंच."

"आन् तो किमयावाला म्हंजे आढी घालनारा!"

इतकी वर्षं मी मुलांना शिकवतेय, पण एवढ्या लवकर एवढं नेमकं कुणाला कळलेलं मी पाहिलेलं नाही. अडचण एवढीच की मी शेवटी "अर्थात ही समजूत चुकीची होती" असं म्हटलं, ते त्यांनी ऐकलंच नाही. धातू पिकतात ही गोष्ट त्यांना इतकी रास्त वाटली की ती चूक असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. आढी नीट घातली नसेल, असं त्यांचं म्हणणं पडलं.

सासूबाई आतून सगळं ऐकत असायच्या, पण बोलायच्या नाहीत. त्या बोलल्या ते मडक्यावरून. आपल्याकडे दोन जुन्या पंथांत वाद होता. कच्चं मडकं भट्टीत लाल होतं ते कसं? एक पंथ म्हणायचा, आधी मडकं अणू-अणू सुटं होतं, प्रत्येक अणू वेगळा भाजतो, लाल होतो, आणि मग सगळे पुन्हा जुळून मडकं तयार होतं, पण हे इतक्या वेगात की आपल्याला दिसत नाही. दुसरा पंथ म्हणायचा, तसं काही नाही, अख्खं मडकं आहे तसंच आरपार भाजतं. सासूबाई तेव्हा कळण्याची भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "तो पहिला कधी चुल्हापुढे बठेल नही."

आबा लगेच पहिल्या पंथाचे झाले. "तुले काय माहीत? भाकर बी सुटी व्हत व्हयी. दिखत नही."

"मन्ही भाकर सुटी व्हत नही," सासूबाई म्हणाल्या. भाकरी सुटी होते, म्हणजे तुटते, हा त्यांना स्वतःचा अपमान वाटला. वाद रंगला. मी दोन्ही बाजू समजावून सांगायला गेले आणि तिघांचंही लक्ष उडालं. तव्यावरची भाकरी अख्खी, आरपार, काळी झाली. सासूबाईंनी ती आबांच्या ताटात वाढली.

इथपर्यंत ठीक होतं. पुढच्या दिवशी मी जर्मनीतल्या एका माणसाची गोष्ट सांगितली, ती सांगायला नको होती. तो व्यापारी होता. लघवीचा रंग पिवळा, सोन्याचाही पिवळा, तेव्हा लघवीत सोनं असणारच, असा हिशेब करून त्याने कितीतरी बादल्या लघवी साठवली, कुजवली, आटवली, भाजली. सोनं मिळालं नाही. अंधारात चमकणारा मेणासारखा एक पदार्थ मिळाला. फॉस्फरस.

"फॉस्फरस म्हंजे?" आबांनी विचारलं. "आपलं स्फुरद?"

"हो, तेच. खताच्या गोणीवर असतं ते."

आबांनी मान डोलावली. त्यांनी पुढचं विचारलं नाही याची मला काळजी वाटायला हवी होती. दोन-तीन दिवसांनी मी घरी आले तर गोठ्यामागे निळा प्लास्टिकचा ड्रम ठेवलेला, आणि आबांचे चार मित्र ओट्यावर बसलेले. सगळे त्यांच्याच वयाचे. चहाचा मोठा टोप चुलीवर होता. आबांनी मित्रांना दिवसभर फुकट चहा कबूल केला होता, अट एकच, की घरी जायच्या आधी गोठ्यामागून जायचं. डीएपीच्या गोणीला रांग लावायची कटकटच मिटणार, असं त्यांनी सगळ्यांना पटवलं होतं. मंडळींना शास्त्र फारसं कळलेलं नव्हतं, पण चहा चांगला होता आणि अट अवघड नव्हती.

सासूबाईंना अजून पत्ता नव्हता. एवढा चहा कशाला, म्हणून त्या विचारायला बाहेर आल्या आणि तेवढ्यात मित्रांतले एक जण गोठ्यामागून धोतर सावरत आले. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, ड्रमच्या दिशेला पाहिलं, मग आबांकडे पाहिलं.

"हाई काय चाली ऱ्हायनं?"

"खत," आबा म्हणाले.

सासूबाईंनी ड्रम लाथेने आडवा केला. मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता आपली पाळी. पण त्या एवढंच म्हणाल्या, "बेटा, याफुढे त्यास्ले सांगाना पहिले माले सांगत जाय."

व्याख्यान झालं. आबा चष्मा लावून पहिल्या रांगेत बसले होते. मी अरबांपर्यंत आले तेव्हा त्यांना राहवलं नाही. ते उठून उभे राहिले आणि मागे वळून मुलांना म्हणाले, "म्हंजे शिसं म्हंजे कच्चं केळं!" माझ्या तासभराच्या बोलण्याला आल्या नसतील तेवढ्या टाळ्या त्या वाक्याला आल्या. प्राचार्यांनी आभार मानताना आबांचे आधी मानले.

त्यानंतरच्या आठवड्यात दारोदार भांडी-दागिने उजळून देणारे दोन तरुण पॉलिशवाले आले. मी तेव्हा कॉलेजात होते. सुरुवातीचं मला सासूबाईंकडून कळलं. मोटारसायकलवरून आले, गळ्यात कुठल्यातरी कंपनीचं ओळखपत्र. "मावशी, नवी पावडर आलीय, फुकट दाखवतो." सासूबाईंनी काळा पडलेला तांब्या दिला. त्यांनी पावडर चोळली, तांब्या असा लखलखला की शेजारणीही बघायला आल्या. मग पैंजण दिले, तेही पांढरेशुभ्र झाले. मग त्यांनी सासूबाईंच्या गळ्यातल्या पोतीकडे पाहिलं. सोन्याची साखळी आणि काळे मणी असलेली ती पोत सासूबाईंच्या लग्नातली. "मावशी, सोन्यावर किती मळ चढलाय बघा."

सासूबाईंनी पोत काढून दिली. त्यांनी ती एका प्लास्टिकच्या वाटीतल्या पाण्यात बुडवली, ब्रशने घासली, वर काढली. पोत नव्यासारखी झाली होती. मग हळदीच्या पाण्याच्या डब्यात टाकून झाकण लावलं, अर्धा तास उघडायचा नाही म्हणून सांगितलं, आणि वाटी उचलून निघाले.

निघाले असते. पण तोवर आबांची दुपारची झोप झाली होती.

"थांबा," आबा म्हणाले. "हाई पाणी कोनतं?"

"काका, कंपनीचं लिक्विड आहे."

"ते कळनं. तेन्हामा पारा शे का गंधक?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांच्या अंगात आनंद मावेना. इतके दिवस ज्यांच्याविषयी नुसतं ऐकलं ते लोक चालत दारात आले होते. त्यांनी वाटी हातातून घेतली, कुणाच्या पायाने सांडायला नको म्हणून आपल्या खाटेखाली अगदी आत सरकवली, आणि वर बसले. "बठा," ते म्हणाले. "चहा पी ल्या."

मी घरी पोचले तेव्हा प्रॅक्टिकल लवकर संपल्यामुळे ऊन अजून वर होतं. ओट्यावर दोन अनोळखी तरुण प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले. हातात रिकामे कप. चेहरे एखाद्या लांबलेल्या सत्कारसमारंभात अडकलेल्या माणसांसारखे. आबा रंगात आले होते. ग्रीक झाले होते, अरब झाले होते, मडकं झालं होतं, आता चीन चाललं होतं.

"त्या राजाले अमर व्हनं व्हतं," आबा सांगत होते. "वैद्यनी त्याले पारानी गोळी दिन्ही. राजानी खाई लिन्ही..."

मला बघताच त्यांतला एक जण उठून जवळजवळ हात जोडूनच म्हणाला, "ताई, तुम्ही तरी सांगा ना यांना. आम्हाला पुढच्या गावाला जायचंय. आमची वाटी द्या फक्त."

"कसली वाटी?"

"मोठी मानसं शेतस, बेटा," आबा म्हणाले. "सोनाना मळ काढतस. पाणी देख त्यास्नं, खाटखाले शे."

मी वाकून वाटी बाहेर ओढली आणि मला ओळखीचा वास आला. तो वास मी रोज प्रयोगशाळेत घेते. तीव्र आम्लाचा. पाणी पिवळं होतं.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"हर्बल आहे ताई. जडीबुटी."

मी पोरांकडे बघत वाटी जराशी कलती केली. एक थेंब ओट्याच्या शहाबादी फरशीवर पडला आणि फरशी फसफसून उकळल्यासारखी झाली. जडीबुटी फरशी खात नाही. पोरांनाही कळलं की मला कळलंय. पुढच्या क्षणी खुर्च्या आडव्या झाल्या, एकाची चप्पल ओट्यावरच राहिली, आणि मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. आबा खाटेवरून उठून उभे राहिले आणि त्यांच्या मागे ओरडले, "अरे, राजानं काय व्हयनं ते तर ऐकी ल्या!"

हळदीचा डबा उघडला. पोत चकचकीत होती आणि साखळी सुतासारखी बारीक झाली होती. सासूबाई ती हातात धरून खाली बसल्या. एकेक मणी सरकवून साखळी बोटांनी चाचपत राहिल्या, आणि ते बघवत नव्हतं. आबांना तोवर सगळा प्रकार समजला होता. त्यांनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी त्यास्ले चहा पाजा," ते हळूच म्हणाले.

"आबा," मी म्हटलं, "तुम्ही चहा पाजलात म्हणून वाटी आपल्याकडे राहिली. मायचं सोनं कुठे गेलेलं नाही. या पाण्यात आहे."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सोनं कशातच विरघळत नाही, म्हणून तर ते सगळ्यांत पिकलेलं, असं आबांना मीच सांगितलं होतं. पण त्याच किमयागारांना दोन आम्लांचं एक मिश्रण सापडलं ज्यात सोनंही विरघळतं, आणि त्याला त्यांनी आम्लांचा राजा ठरवलं. हे सांगायचं राहून गेलं होतं. आता ते सासूबाईंची पोत समोर ठेवून सांगावं लागलं.

"मग काढ बाहेर," सासूबाई म्हणाल्या. विहिरीतून बादली काढावी इतक्या सहज.

काय हवं ते मला माहीत होतं. आधी मिश्रणातलं एक आम्ल मारायला यूरिया, मग सोनं खाली बसवायला फेरस सल्फेट. कॉलेजची प्रयोगशाळा एव्हाना बंद झाली होती. पण मिरचीची पानं पिवळी पडली की आबा फेरस सल्फेटच फवारतात आणि यूरियाशिवाय कुठलं शेत चालतं? आबा चष्म्यासकट खोलीत गेले आणि दोन्ही गोण्या ओढत घेऊन आले. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती हे कुणालाच आठवलं नाही. भांडं मात्र धातूचं चालणार नव्हतं. सासूबाईंनी लोणच्याची चिनी मातीची बरणी रिकामी करून दिली. त्या बरणीतलं लोणचं सासूबाई सख्ख्या भावालाही मोजून वाढतात.

अंगणात, वाफ अंगावर येऊ नये म्हणून वाऱ्याकडे पाठ करून, मी बरणीत पिवळं पाणी ओतलं आणि चिमूट-चिमूट यूरिया टाकत गेले. फेस आला. फेस यायचा थांबला तेव्हा फेरस सल्फेटचं पाणी सोडलं. बरणीतलं पाणी गढूळ झालं, मग चॉकलेटी. तोवर भिंतीपलीकडून शेजारपाजारचे सगळे डोकावत होते. सगळ्यांना वाटत होतं आता बरणीतून पिवळाधमक गोळा वर येणार. सकाळी पाणी निवळलं आणि तळाशी उरला तपकिरी चिखल.

सासूबाईंनी बरणीत डोकावलं. "हाई सोनं?"

"हो माय."

"लोणचं बी गयं," त्या म्हणाल्या.

मी चिखल धुऊन, गाळून, वाळवला. चमचाभरही पूड झाली नाही. ती कागदाच्या पुडीत बांधून आम्ही तिघं नंदुरबारला आमच्या सराफाकडे गेलो. राजस्थानातून आलेलं घराणं, पिढ्यान् पिढ्या सोन्यातलंच काम. त्यांनी पुडी उघडली, नाकाजवळ नेली आणि सासूबाईंना विचारलं, "मावशी, तपकीर कधीपासून?"

"गाळा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काळ्या चष्म्यातल्या आबांकडे पाहिलं, आणि घरचंच गिऱ्हाईक म्हणून मुशीत पूड टाकली, सोनं लवकर वितळावं म्हणून वर टाकणखार टाकला आणि ज्योत धरली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मुशीच्या तळाशी काहीतरी थरथरलं, गोळा झालं, आणि सूर्याचा तुकडा पडावा तसा एक लाल थेंब तिथे गरगरू लागला. निवला तेव्हा पिवळा झाला. ज्वारीच्या दाण्याहून मोठा, गोल, खरा. सराफांनी तो कसोटीच्या दगडावर घासला, पुन्हा घासला, आणि दुकानातल्या सगळ्यांसाठी चहा मागवला.

मी रसायनशास्त्रात पदव्या घेतल्या आहेत. हे सगळं कसं होतं ते समीकरणासकट लिहून देऊ शकते. तरी तो थेंब पिवळा झाला तेव्हा भट्टीपुढे आयुष्य घालवलेल्या त्या सगळ्या वेड्या माणसांविषयी पहिल्यांदाच मला मनापासून आपुलकी वाटली.

घरी येताना आबांनी तो मणी मागून घेतला. दुसऱ्या दिवसापासून तो त्यांच्या टोपीच्या घडीत असायचा आणि गावात भेटेल त्याला बघायला मिळायचा. "मन्ही सूननी चिखलमातीन काढं," ते सांगायचे. ऐकणाऱ्यांनी मधला भाग गाळला. पोत, वाटी, चोर हे सगळं गळून गेलं आणि उरलं ते एवढंच की यूरिया आणि फेरस सल्फेट एकत्र केलं की सोनं होतं. आठवड्याभरात कृषी केंद्रातलं फेरस सल्फेट संपलं. एक काका कळसाडीहून मुद्दाम आले आणि मला बाजूला घेऊन विचारू लागले, कोणत्या कंपनीचा यूरिया? एक मावशी तांब्याची मोठी घागर डोक्यावर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, घाई नाही, पोळ्यापर्यंत करून दिलीस तरी चालेल.

शेवटी मी मारुतीच्या पारावर गावातल्या बायांना बोलावलं आणि ते पॉलिशवाले काय करतात ते सांगितलं. मी बोलले थोडं. जास्त काम सासूबाईंनी केलं. त्यांनी ती बारीक झालेली पोत गळ्यातून काढून एकेकीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "देखा. आन् फुकट म्हनीन आला तर पहिले दार लाई ल्या." ती पोत त्यांनी पुन्हा भरून घेतली नाही. तशीच घालतात.

मग प्रश्न राहिला मण्याचा. आबा तो द्यायला तयार नव्हते. एकदा तो टोपीतून पडला आणि सगळं घर अंगणात रांगत शोधत होतं, तेव्हा सासूबाईंनी तो सापडल्या-सापडल्या पदराच्या गाठीत बांधला आणि माझ्या स्कूटीवर मागे बसून थेट सराफाकडे आल्या.

"काय बनवू?" सराफांनी विचारलं.

"हिन्हासाठे कानातलं," सासूबाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "कसं बी बनाडा. फक्त गोल नको. गोल दिसनं का ते परत टोपीमा घालतीन."

सराफांनी मिरचीच्या पानाच्या आकाराच्या कानातल्या दोन टिकल्या बनवल्या. मी त्या कॉलेजला घालून जाते.